आजीच्या बायबलमधली 'कॉट 14'

ताई, सप्रेम सलाम.

माझी आजी, म्हणजे आईची आई, गेल्या वर्षी चौऱ्याऐंशीव्या वर्षी प्रभूघरी गेली. मूळची नगर जिल्ह्यातली. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली, लग्न होऊन मुंबईला आली आणि निवृत्त होईपर्यंत पालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर होती. पुढच्या महिन्यात वर्ष होईल. भायखळ्याला आमच्या चर्चमध्ये स्मरणाची उपासना आहे आणि नातवंडांतर्फे दहा मिनिटं मी बोलायचं ठरलंय.

मोठे मामा चर्चच्या कमिटीवर आहेत. ते म्हणतात, बायबलमधला नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाच, तिच्या विश्वासाबद्दल बोल, दवाखान्याच्या गोष्टी उपासनेत नकोत. मावशीचं म्हणणं, तिने घरासाठी काय काय काढलं ते आलंच पाहिजे. आई काहीच बोलत नाही. 1982च्या संपात आजोबांची गिरणी गेली, मग ते प्यायला लागले, आणि आजीने नाईट मागून घ्यायला सुरुवात केली. आई मुलींत थोरली, तेव्हा शाळेत होती. ती एकदाच म्हणाली होती, "सगळ्या वॉर्डाला आई होती, मला नव्हती."

आजीच्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीही येणार आहेत, त्यांत ख्रिस्ती एखादीच. माझा नवरा हिंदू आहे आणि मी स्वतः आता नाताळापुरतीच चर्चला जाते. मग आजीच्या विश्वासाबद्दल बोलायचा मला काय अधिकार? तिचं बायबल माझ्याकडे आलंय. त्यात स्तोत्रांच्या समासात पेन्सिलीने "कॉट 14", "कॉट 6" असं काहीबाही लिहिलंय, कशाबद्दल ते कोणालाच ठाऊक नाही. शिवडीची तिची कबरही कायमची नाही, काही वर्षांनी उघडतील म्हणतात. मग तिचं उरणार काय, या विचाराने झोप लागत नाही.

— एक नात, परळ

प्रिय नात,

सलाम. समासातल्या त्या नोंदींचा उल्लेख तू पत्राच्या शेवटाकडे, जाता जाता केला आहेस. मी मात्र तिथेच थांबले. माझ्या ओळखीच्या एक मेट्रनबाई, म्हणजे नर्सांच्या प्रमुख, आहेत, आता निवृत्त, त्यांचंही आयुष्य पालिकेच्या हॉस्पिटलात गेलं. त्यांना फोन करून विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "अहो, पेशंट आहेत ते. प्रार्थनेला घेतले असणार." मग त्यांनी समजावून सांगितलं की जनरल वॉर्डात सगळा कारभार कॉटच्या नंबरावर चालतो. ताप, औषध, सलाईन, जेवण, सगळंच. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला सांगते, "कॉट 14, रात्रभर झोप नाही, पहाटे ताप चढला." नाव केसपेपरवर असतं, सिस्टरच्या डोक्यात कॉट असते.

मलाही तेच वाटतं. खात्री करायची तर कुठल्या स्तोत्रापाशी कुठले नंबर आहेत ते एका वहीत उतरवून काढ. आजाऱ्याच्या उशाशी 23वं, 91वं, 121वं स्तोत्र वाचायची आपल्याकडे रीत आहे. नंबरांची दाटी तिथे असेल तर शंकेला फारशी जागा उरत नाही. आणि 14 पुन्हा पुन्हा आला असेल, तर तो एकच पेशंट नव्हे. कॉट तीच, माणसं येत गेली. कोणी बरं होऊन घरी गेलं, कोणी गेलंच, आणि तुझी आजी दर खेपेला नव्याने त्या कॉटसाठी प्रार्थनेला बसली. त्या माणसांना हे कधी कळलंही नसेल. त्यांतले बहुतेक तिच्या धर्माचे नसणार. परळ-भायखळ्याच्या हॉस्पिटलात कोण कोण येतं ते तुला मी सांगायला नको.

मामा म्हणतात दवाखाना उपासनेत नको. पण दवाखाना बायबलमध्ये आणून ठेवलाय तो तुझ्या आजीने, स्वतःच्या हाताने. तिच्यापाशी हे दोन कप्पे वेगळे नव्हतेच. माझा सल्ला एका वाक्यात सांगायचा तर एवढाच: मामांची आजी, मावशीची आजी आणि मैत्रिणींची सिस्टर अशा तीन बायका उभ्या करून प्रत्येकीला तीन-तीन मिनिटं वाटू नकोस. ती एकच बाई होती. तिचा एक दिवस नीट सांगितलास तर तिघीही त्यात येतील.

मामांशी भांडायचं तर मुळीच कारण नाही. त्यांनी सुचवलेला अध्याय उत्तमच आहे, फक्त तो सावकाश वाच. ख्रिस्ती बायांच्या दफनाला आणि स्मरणाला तो इतक्यांदा वाचला जातो की ऐकणाऱ्याचं लक्ष पहिल्या चार ओळींनंतर सुटतं. त्यातली बाई करते काय ते बघ. अंधार असतानाच उठून घरच्यांच्या खाण्याचं बघते, पारखून शेत विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, वस्त्रं विणून विकते, गरिबाला हात देते. आणि रात्री तिचा दिवा विझत नाही. हा अध्याय कामाचा आहे, मेहनतीचा आहे, कमावत्या बाईचा आहे. रात्रपाळी केलेल्या बाईच्या स्मरणाला त्या दिव्याच्या ओळीपाशी थांबून तिच्या नाईट ड्यूटीबद्दल बोललीस, तर मामा हरकत घेतील असं मला वाटत नाही.

त्यांना आणखी एक जागा दाखव. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, नववा अध्याय, यापो गावची टबीथा, जिला दुर्कसही म्हणत. ती आजारी पडून मरते. येशूचा शिष्य पेत्र, त्याला बोलावून आणतात आणि माडीवरच्या खोलीत नेतात. तिथे गावातल्या विधवा रडत उभ्या असतात. पेत्र आल्यावर त्या काय करतात? टबीथा किती भक्तिमान होती, किती मायाळू होती, असलं काही तिथे लिहिलेलं नाही. तिने शिवून दिलेले अंगरखे आणि कपडे त्या त्याला दाखवतात. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल बोलायचा यापेक्षा चांगला धडा मला तरी ठाऊक नाही. "प्रेमळ", "कष्टाळू", "प्रार्थनाशील" ही विशेषणं प्रत्येक शोकसभेत प्रत्येक आजीला लागतात. तुझ्या आजीचे अंगरखे कुठे आहेत, ते शोधायला हा महिना पुरेल.

त्यातले निम्मे तिच्या मैत्रिणींकडे आहेत. त्या उपासनेला येतील तेव्हा भेटू, असं करू नकोस, आत्ताच फोन कर. आणि "आजी कशी होती" असं विचारू नकोस, त्याला "फार चांगली होती" हेच उत्तर येतं. काम विचार. मेट्रनबाईंनी मला काचेच्या सिरिंजबद्दल सांगितलं ते ऐक. एकदा वापरून टाकायच्या सिरिंज यायच्या आधीची ही गोष्ट. सिरिंज उकळून पुन्हा पुन्हा वापरायच्या. काचेची नळी आणि आतला दट्ट्या दोन्हींवर एकच नंबर कोरलेला असायचा. उकळून काढल्यावर नंबर बघून जोड्या लावायच्या, कारण भलत्याच नळीत भलताच दट्ट्या गेला की औषध मागून गळायचं. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार काढायची. फावल्या वेळात गॉज कापून, घड्या घालून, वाफेवर निर्जंतुक करायला द्यायचे ड्रम भरायचे. तुझ्या आजीने नोकरीची पहिली कितीतरी वर्षं हेच केलं असणार. तेव्हा विचार: सिरिंज लावायला तिच्याइतकी चपळ कोण होतं? नाईटला दोघी मिळून किती कॉट सांभाळायच्या? डबा काय आणायची? पेशंट गेला की नातेवाइकांना कोण सांगायचं, तीच का? नवीन मुलीवर ओरडायची का? ओरडायची असेल तर तेही लिहून घे. अशा प्रश्नांवर माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत.

तू पिढीने इतकी लांब आहेस की एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. आज नर्स हा मानाचा पेशा आहे. तुझी आजी त्यात शिरली तेव्हा "चांगल्या घरच्या" म्हणवणाऱ्यांच्या मुलींना तिकडे पाठवत नसत. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, म्हणून ते काम हलकं धरलं जायचं, विटाळाचं धरलं जायचं. ते ज्यांनी उचललं त्यांत ख्रिस्ती मुली पुढे होत्या. मिरजेचं मिशन हॉस्पिटल 1894चं, डॉ. वानलेस यांनी काढलेलं, आणि महाराष्ट्रातल्या किती मुली तिथे शिकून बाहेर पडल्या. तुमच्या भायखळ्याच्या मंडळीत नगरची इतकी घरं का, याचंही उत्तर त्याच इतिहासात आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईला आले, 1831 साली त्यांनी नगरला ठाणं केलं, आणि तेव्हापासून या दोन गावांत माणसांची ये-जा सुरूच आहे. नगर जिल्ह्यातल्या पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांची मुळं गावकुसाबाहेरची. तुमच्या घरात त्याबद्दल बोलतात की नाही, मला माहीत नाही. ते उपासनेत सांगायचं की नाही, हे मामा-मावशीला विचारून ठरव. पण तुला स्वतःला ते ठाऊक असू दे. ज्यांच्या हाताचं पाणी गाव घेत नव्हतं त्या घरांतल्या मुलींच्या हातून पुढे या शहराने औषध घेतलं. तुझी आजी त्या मुलींतली असेल तर हे बोलताना तुझा आवाज वेगळा लागेल.

आता आईकडे येते. पत्रातलं तिचं ते एक वाक्य वाचून मी बराच वेळ पुढे गेले नाही.

आई गप्प आहे, कारण तिला खोटं बोलायचं नाही आणि आपल्या आईला कमीही लेखायचं नाही. उपासनेत सगळे "किती केलं तिने" म्हणणार, आणि ते करताना जे राहून गेलं ते आईच्या वाट्याला आलेलं. थोरल्या मुलीचं असं होतं. आई नाईटला गेली की धाकट्यांना जेवू कोणी घातलं? भाकरी कोणी टाकली? बाप कुठल्या अवस्थेत येईल म्हणून दाराकडे कान लावून कोण जागं राहिलं? मला वाटतं, तुझी आईच. मग त्या काळात हॉस्पिटलात एक सिस्टर नाईट करत होती आणि घरी दुसरी.

तेव्हा भाषणाचा विषय न काढता आईजवळ बस. मोबाइलवर काही रेकॉर्ड करू नकोस. आजी नाईटवरून परत यायची ती सकाळ कशी असायची, एवढंच विचार. येऊन आंघोळ करायची का, डबे भरायची का, कितीला झोपायची, शाळेतून आल्यावर ती उठलेली असायची का. आई रडली तर रडू दे, चिडली तरी ऐकून घे, आणि आजीची बाजू मांडायला जाऊ नकोस. "तिचा तरी काय इलाज होता" हे वाक्य तोंडातून काढू नकोस. ते खरं आहे, आईला ते आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि म्हणूनच आजवर ती गप्प बसली आहे.

तिचं ते वाक्य तिच्या परवानगीशिवाय कुठेही उच्चारू नकोस, उपासनेत तर नाहीच. पण एवढं तिला विचारून बघ: "आजी वॉर्डात उभी राहू शकली, कारण घर माझ्या आईने धरून ठेवलं होतं, असं मी सगळ्यांसमोर म्हणू का?" ती हो म्हणाली तर हे वाक्य नक्की म्हण, आणि म्हणताना तिच्याकडे बघ. चाळीसेक वर्षांत हे तिला चारचौघांत कोणी म्हटलेलं नसावं. नको म्हणाली तर सोडून दे, पुन्हा विचारू नकोस.

आजोबांच्या दारूबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ते बोलू नकोस. लपवायचं म्हणून नव्हे. उत्तर द्यायला ते नाहीत आणि त्यांची मुलं पुढच्या बाकावर बसलेली असतील. संपाबद्दल मात्र जरूर बोल, नाहीतर तिने नाईट का मागितली ते कळणार नाही. 18 जानेवारी 1982ला तो संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. लालबाग, परळ, भायखळ्याच्या किती घरांत त्यानंतर बाईच्या पगारावर चूल पेटली. "गिरणी गेली आणि घर आजीच्या पगारावर आलं," एवढ्यात ऐकणाऱ्यांना सगळं समजेल. त्यांतल्या कितीजणांच्या घरी तेच झालेलं असेल.

अधिकाराचं म्हणशील, तर तुला कोणी प्रवचन करायला सांगितलेलं नाही. साक्ष द्यायची आहे, आणि साक्ष डोळ्यांनी पाहिलेल्याची असते. आजीला तू प्रार्थना करताना पाहिलंस ना? कुठे बसायची, डोक्यावर पदर घ्यायची का, गीताचा नंबर तोंडपाठ असायचा का, तुझं लग्न ठरलं तेव्हा काय म्हणाली? तुझ्या नवऱ्याला नाताळला पहिल्यांदा जेवायला बसवलं तेव्हा ताटात काय वाढलं? हे सांगायला तू दर रविवारी चर्चला यायला हवीस असं नाही. तुझी स्वतःची श्रद्धा आज जिथे असेल तिथे असू दे. ती फुगवून सांगू नकोस आणि "मी काही फारशी धार्मिक नाही" अशी प्रस्तावनाही करू नकोस, दहा मिनिटं तिची आहेत. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना आधी आजीचं नाव घेतलंय, लोईस, आणि मग आईचं, युनीके. आजी, आई आणि तू. तिच्याकडून तुझ्याकडे काय आलं ते तुलाच माहीत, आणि ते काय आहे याचा निकाल पुढच्या महिन्यापर्यंत लावायची सक्ती नाही.

हॉस्पिटलातल्या मैत्रिणींसाठी एवढं कर की उपासनेतल्या गोष्टी त्यांना परक्या वाटू नयेत. "प्रभूमध्ये निजली" म्हटलंस तर पाठोपाठ साध्या शब्दांतही सांग. गीताचे कागद त्यांच्या हातात दे. आणि पाळकसाहेबांना विचारून त्यांच्यापैकी एकीला दोन मिनिटं बोलू दे. समासातले ते नंबर खरोखर काय होते, हे मंडळीला तिच्याइतकं चांगलं कोणी सांगू शकणार नाही.

शिवडीबद्दल. मुंबईत कायमची कबर आता फार थोड्यांना मिळते. जुनी दफनभूमी, वाढतं शहर, त्यामुळे काही काळाने त्याच जागी दुसऱ्याला जागा द्यावी लागते. हाडं काढून कोनाड्यात ठेवायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. तुमच्या बाबतीत मुदत किती, कोनाडा मिळेल का, फी कोणी भरायची, हे चर्चच्या ऑफिसात आणि दफनभूमीच्या कचेरीत आत्ताच विचारून कागदावर घे. दुःखात हे राहून जातं आणि मग अचानक नोटीस येते. मामा कमिटीवर आहेत, हे काम त्यांच्यावर सोपव. त्यांनाही आपल्या आईसाठी काहीतरी करायचंय, आणि हे त्यांच्याइतकं कोणाला जमणार नाही.

आजीचे कागद तू गोळा कर. बाप्तिस्म्याची नोंद गावच्या चर्चच्या रजिस्टरात असेल, लग्नाची जिथे लागलं त्या चर्चमध्ये. नर्सिंग कौन्सिलचं प्रमाणपत्र, नेमणुकीचं पत्र, पेन्शनची कागदपत्रं घरातल्या कुठल्यातरी ट्रंकेत असतील. बायबलची पेन्सिलीची पानं आधी फोटो काढून ठेव, पेन्सिल पुसट होते. त्यावर पेनने गिरवू नकोस आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नकोस. फोटोंची एक-एक प्रत मामा, मावशी आणि आईला दे, म्हणजे पुढे पुस्तक कोणाकडे यावरून कटुता नको.

दहा मिनिटं म्हणजे मराठीत साधारण हजार शब्द. तू सातशेच लिही, मध्ये गळा दाटेल त्याची जागा ठेव. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिही, मोबाइलवरून वाचू नकोस. लिहून झालं की आधी आईला वाचून दाखव, मग मामांना. मामांनी काही खोडायला सांगितलं तर लगेच वाद घालू नकोस. कृत्यांचा नववा अध्याय आणि आजीच्या बायबलचं ते पान त्यांच्यापुढे ठेव, आणि त्यांना वाचू दे.